मुलगा युवराज झाला की आईला मरण : उत्तर वेई घराण्याची एक रीत

उत्तररात्र

मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतेच. चीनचा इतिहास म्हटला की आपल्याकडे भिंत, ह्युएन त्सांग आणि मग थेट माओ, मधलं सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेत उत्तर वेई नावाचं एक घराणं बसतं, इ.स. ३८६ ते ५३४. राज्यकर्ते मूळचे चिनी नव्हेत, उत्तरेच्या गवताळ पट्ट्यातले घोड्यावर वाढलेले श्येनपेई लोक, कुळाचं नाव तुओबा. राजधानी पिंगचेंग, म्हणजे आजचं शान्शी प्रांतातलं दातोंग.

तर ह्यांच्यात रीत अशी की ज्या बाईचा मुलगा युवराज ठरायचा तिला मरायला लावायचं. शिक्षा म्हणून नव्हे हं, तिने काही केलेलंच नसायचं. मुलगा गादीचा वारस झाला एवढाच गुन्हा.

सुरुवात केली खुद्द संस्थापकाने, तुओबा गुईने. ४०९ साली थोरल्या मुलाला, तुओबा सीला वारस ठरवलं आणि त्याच्या आईला, लिउ बाईंना मारलं. वर मुलाला बोलावून समजावलं की बाबा रे, पूर्वी हान सम्राट वूनेही हेच केलं होतं, पुढे बायकांनी कारभारात लुडबूड करू नये आणि मामेमंडळी डोईजड होऊ नयेत म्हणून, मी तुझ्याच भल्याचा लांबचा विचार केलाय. आता हान वूने हे केलं होतं एकदा, इ.स.पू. ८८ मध्ये, स्वतः पार म्हातारा झालेला आणि वारस लहान पोर होतं तेव्हा. गुईने एका म्हाताऱ्याचा अपवाद उचलला आणि त्याची घराण्याची रीत करून टाकली.

का केली ह्याचं उत्तर मला आजोळात दिसतं. त्या लोकांत आईचं माहेर म्हणजे आख्खी टोळी, घोडे आणि माणसांसकट. गुई स्वतः लहानपणी आजोळच्या हेलान टोळीच्या आसऱ्याने वाचला, मामाच्या जोरावर गादीवर आला आणि पुढे त्याच टोळीशी त्याला लढावंही लागलं. म्हणजे आजोळ काय करू शकतं हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

गंमत (कसली गंमत म्हणा) पुढे आहे. पोरगा आईसाठी रात्रंदिवस रडायला लागला, बाप भडकला, बोलावणं आलं, आणि जवळच्या माणसांनी सांगितलं की आत्ता जाऊ नकोस, राग उतरू दे, म्हणून तो पळून लपला. इकडे गुईने आणखी एका राणीला, हेलान बाईंना, कसल्याशा रागातून कोंडून ठेवलेलं, मारणार की सोडणार ते ठरत नव्हतं. ह्या बाई म्हणजे गुईच्या सख्ख्या मावशी, तिच्या नवऱ्याला मारून तिला जनानखान्यात आणलेली. तिने आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला, तुओबा शाओला निरोप धाडला की मला वाचव. तो रात्री भिंत चढून आत गेला आणि बापाला मारलं. मग सी परत आला, शाओ आणि हेलान बाई दोघांना संपवलं आणि गादीवर बसला. म्हणजे आईमुळे राज्याला धोका नको म्हणून रीत काढली आणि त्याच वर्षी दुसऱ्याच एका आईच्या हाकेवर संस्थापक गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या रीतीने आईची सत्ता संपली नाही, फक्त आईची जागा रिकामी झाली, आणि रिकामी जागा कोणीतरी भरतंच. कोणी भरली ते प्रतिसादात लिहिते, आत्ता कुकर लावायचाय.

खारेदाणे

बापरे. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

टमटमवाला

भारी विषय, पण नावांनी मेलो. गुई, सी, शाओ. दोन भागांनंतर कोण कोणाचा कोण तेच कळणार नाही. काहीतरी टोपणनावं द्या राव.

उत्तररात्र

@टमटमवाला, नाव नाही लक्षात राहिलं तरी चालेल, फक्त "कोणाची आई" आणि "कोणाची दाई" एवढं धरून ठेवा. सगळी गोष्ट त्यातच आहे.

बखरबहाद्दर

ताई, लेख आवडला पण सगळं रीतीच्या माथी मारू नका. त्या माणसाच्या जागी बसून बघा. हान घराण्यात काय झालं? राजमातेचा पुतण्या वांग मांग इ.स. ९ मध्ये स्वतःच सम्राट होऊन बसला. नंतरच्या हानमध्ये तर एकामागोमाग एक पोरवयाचे सम्राट आणि मागे राजमाता आणि तिचे बाप-भाऊ. ५८१ मध्ये सुई घराणं काढणारा यांग ज्यान कोण? राजमातेचा बापच, म्हणजे बालसम्राटाचा सावत्र आजोबा. उत्तर वेईत शंभरेक वर्षं असं कुठलं आजोळ गादी गिळून बसलं नाही. रीत क्रूर होती हे शंभर टक्के मान्य, पण निरुपयोगी होती असं म्हणता येत नाही.

चिमणीचं_घर

क्रूर पण उपयोगी... हे वाक्य वाचून कसंतरीच झालं. ज्या बाया मेल्या त्यांना विचारा उपयोग.

बखरबहाद्दर

@चिमणीचं_घर, मी समर्थन करत नाहीये हो, हिशोब मांडतोय.

उत्तररात्र

@बखरबहाद्दर, तुमचा यांग ज्यानचा मुद्दा चांगला आहे, तो मला सुचलाच नव्हता. रक्ताच्या आजोळाने गादी गिळली नाही हे खरं. पण आता पुढचं ऐका आणि मग हिशोब मांडा.

आई नाही म्हटल्यावर पोराला वाढवणार कोण? दाई. तिसरा सम्राट ताइवू ह्याला वाढवलं दोउ नावाच्या दाईने. ह्या बाई मुळात कुणाच्या तरी गुन्ह्यापायी घर बुडून राजवाड्यात दासी म्हणून आलेल्या. पोरगा गादीवर बसल्यावर आधी ४२५ मध्ये त्यांना "सांभाळ करणारी राजमाता" असा किताब दिला आणि ४३२ मध्ये चक्क पूर्ण राजमाता. बाई होत्या मात्र खमक्या. ४३९ मध्ये सम्राट पश्चिमेला लढाईवर गेलेला आणि मागे रौरान टोळ्या राजधानीवर चालून आल्या, मंत्र्याचे हातपाय गळाले, युवराजाला घेऊन डोंगरात पळू म्हणाला, तर ह्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं आणि फौज पाठवली.

इथपर्यंत ठीक. दोउ बाईंनी कुणाचं वाईट केलेलं दिसत नाही. पुढची दाई चांग. ४५२ मध्ये झोंग आय नावाच्या खोजाने ताइवूला मारलं, एका राजपुत्राला बसवलं, मग त्यालाही मारलं, आणि ह्या सगळ्या धुमश्चक्रीतून बारा-तेरा वर्षांचा नातू वेनचेंग गादीवर आला. त्याची दाई चांग वर्षभरात राजमाता. आणि ह्या बाईच्या हातात ती रीत आल्यावर तिचं काय झालं बघा.

वेनचेंगने एकदा उंच चौथऱ्यावरून एक ली नावाची बाई बघितली, बंडखोर सरदाराच्या घरातून पकडून आणलेली. आवडली, खाली उतरला, तिथेच राजवाड्याच्या एका कोठारात... असो. पुढे तिला दिवस गेले. राजमाता चांगने विचारलं, तर म्हणाली सम्राटांचं आहे. खरं कशावरून? तर त्या कोठाराच्या राखणदाराने त्या दिवसाची नोंद गुपचूप भिंतीवर लिहून ठेवली होती! चौकशी झाली, तारीख जुळली. मूल झालं, मुलगा. आणि ४५६ मध्ये तो दोन वर्षांचा असताना युवराज ठरला तेव्हा त्याच चांग बाईंनी "जुन्या रीतीप्रमाणे" ली ला मरायचा हुकूम दिला. तिला सांगितलं की दक्षिणेतल्या तुझ्या भावांची नावं लिहून दे, त्यांना सांभाळू. ती एकेका भावाचं नाव घ्यायची आणि छाती पिटून रडायची, आणि मग मेली.

त्याच ४५६ साली पट्टराणी कोण झाली? फेंग. फेंग म्हणजे ल्याओशीकडच्या बुडालेल्या राजघराण्यातली मुलगी, आणि चांग बाईसुद्धा ल्याओशीच्याच. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या हा योगायोग समजायचा तर समजा, मला नाही वाटत.

म्हणजे @बखरबहाद्दर, रीत काढली राजाने आजोळाला आवरायला, आणि पन्नास वर्षांत ती एका दाईच्या हातातलं हत्यार झाली.

टमटमवाला

भिंतीवर तारीख लिहिणारा राखणदार. सीसीटीव्ही.

खारेदाणे

ती भावांची नावं घेणं... ऑफिसात वाचतेय आणि डोळे भरले. पुढचं टाका पटकन.

सातमजली

दातोंगला कामानिमित्त दोन वर्षं होतो. शहराच्या पश्चिमेला १५-१६ किलोमीटरवर युनगांग लेणी आहेत, ती ह्याच लोकांची. ताइवूने ४४६ मध्ये बौद्धांवर बंदी आणली होती, ती वेनचेंगने उठवली आणि ४६० च्या सुमारास तानयाओ ह्या भिक्षूच्या देखरेखीखाली पहिली पाच लेणी कोरली. पाच प्रचंड बुद्ध, घराण्यातल्या पाच सम्राटांच्या नावे. अजिंठ्याची हरिषेण वाकाटकाच्या काळातली लेणी जवळपास त्याच दशकांतली, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी छिन्नी चालू होती. तिथे उभं राहून मी फक्त केवढे मोठे बुद्ध, केवढे मोठे बुद्ध करत होतो. बाप्ये पाच कोरले, आयांचा पत्ताच नाही हे आज ह्या धाग्यामुळे लक्षात आलं.

नंदीवर्धनकर

वाकाटकांचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. गुई लिउ बाईंना मारत होता त्याच्या आगेमागेच इकडे विदर्भात प्रभावतीगुप्ता मुलगा लहान म्हणून स्वतः राज्य चालवत होती, नंदीवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. पुण्याच्या ताम्रपटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची जननी म्हणवते, तेच तिचं अधिकारपद. आणि माहेर कुठलं तर थेट गुप्त सम्राटांचं, तुओबा गुईला झोप लागली नसती! संबंध काही नाही दोन्हींचा, काळ तेवढा एक.

उत्तररात्र

@नंदीवर्धनकर वा! "जननी" हाच तिथे किताब आणि इथे मरणाचा हुकूम. @सातमजली फोटो असतील तर टाका की.

बरं, फेंग. ४६५ मध्ये वेनचेंग २५ वर्षांचा असताना वारला. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी मेलेल्याचे कपडे-वस्तू जाळायची पद्धत. फेंग बाईंनी रडत रडत त्या आगीत उडी घेतली, लोकांनी ओढून बाहेर काढली, बऱ्याच वेळाने शुद्धीवर आल्या. वय २४ च्या आसपास. पुढच्या वर्षी ह्याच बाईंनी डोक्यावर चढून बसलेल्या यी हुन नावाच्या मंत्र्याचा काटा काढला आणि राज्य हातात घेतलं.

सम्राट होता तिचा सावत्र मुलगा श्यानवेन, म्हणजे ज्याची आई भावांची नावं घेत मेली तो. त्याला ४६७ मध्ये मुलगा झाला तशी फेंग कारभारातून बाजूला होऊन नातवाला वाढवायला बसली. वरवर बघता आजीची माया. पण दोन वर्षांत नातू युवराज झाला आणि त्याची आई, ही पण ली च, गेली. म्हणजे पुढचा सम्राट पुन्हा बिनआईचा आणि पुन्हा फेंगच्याच मांडीवर. ४७१ मध्ये श्यानवेनने १७-१८ व्या वर्षी गादी सोडून चार वर्षांच्या पोराला बसवलं आणि ४७६ मध्ये स्वतः मेला, फेंगने विष घातलं असं तेव्हापासून बोललं जातं. मग ४९० पर्यंत बाईंचंच राज्य.

आणि राज्य चांगलं केलं हो! ४८५ ला सरकारी जमीन माणशी वाटून द्यायचा कायदा, पुढच्याच वर्षी गावोगाव घरांची नोंद ठेवणारी नवी व्यवस्था. ती जमीनवाटप पद्धत पुढे सुई आणि तांग घराण्यांनीही चालवली, एवढी पक्की. त्यामुळे मला ह्या बाईंना नुसतं खलनायिका करता येत नाही.

तो नातू म्हणजे श्याओवेन. लहानपणी एकदा फेंगने त्याला कडाक्याच्या थंडीत एकेरी कपड्यावर खोलीत तीन दिवस उपाशी कोंडलं होतं, गादीवरून काढायचाच विचार होता, मंत्र्यांनी आडवं पडून वाचवलं. ती मेली तेव्हा ह्याने पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. आणि इतिहासात एक छोटं वाक्य आहे की राजमाता मरेपर्यंत त्याला आपली आई कोण हेच माहीत नव्हतं. २३ वर्षांचा सम्राट!

चिमणीचं_घर

तो पाच दिवस कुणासाठी उपाशी राहिला असेल, हाच प्रश्न पडला. कोंडणारी तीच, वाढवणारी तीच.

शंकेखोर

थोडं थंड पाणी ओततो. हे सगळं ज्यातून येतं तो वेईचा अधिकृत इतिहास ५५४ मध्ये, घराणं बुडाल्यावर, पुढच्या राजवटीच्या दरबारात लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्याने ओळखीपाळखीच्यांची तळी उचलली म्हणून त्याला तेव्हाच "गलिच्छ इतिहास" असं नाव पडलं होतं. लिहिणारे सगळे दरबारी पुरुष. बाई सत्तेत असली की विष तिनेच घातलं, हे त्यांचं ठरलेलंच. बाकी ताईंचा मूळ मुद्दा पटतो, फक्त विष-बिष जपून घ्या.

उत्तररात्र

@शंकेखोर मान्य, म्हणूनच "बोललं जातं" असं लिहिलं. पण ह्याच बायकांविरुद्ध लिहिणाऱ्यांनी श्याओवेनबद्दल हेही लिहिलंय की आपल्या मुलाच्या वेळी त्याला ही रीत मोडायची होती, आजीने ऐकलं नाही, आणि लिन नावाची ती मुलगी गेली. तिचा मुलगा श्युन. श्याओवेनने ४९४ मध्ये राजधानी दक्षिणेला लुओयांगला हलवली, घराण्याचं नाव बदलून युआन केलं, दरबारात श्येनपेई भाषा बंद. पोरगा जाडा, त्याला लुओयांगचा उन्हाळा सोसवेना, ४९६ मध्ये बाप बाहेर गेल्याचं बघून घोडे घेऊन परत पिंगचेंगला पळायला निघाला. पकडला, बापाने स्वतः फटके मारले, युवराजपद काढलं, पुढच्या वर्षी विष पाजलं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर. म्हणजे लिन बाईंचा जीव ज्या युवराजपदासाठी घेतला ते पदही टिकलं नाही.

जुनाखोडकर

ह्यावरून पश्चिम जिन घराणं आठवलं, ह्याच्या आधीचं शतक. तिथे उलटा प्रकार. सम्राट सिमा चोंग मंदबुद्धी, दुष्काळात लोकांना धान्य नाही म्हटल्यावर "मग मांस घातलेली पेज का खात नाहीत" विचारणारा. त्याच्या बापाला पोराची कुवत माहीत होती, पण नातू हुशार म्हणून गादी पोराकडे ठेवली. नातू सिमा यू पाच वर्षांचा असताना राजवाड्याजवळ रात्री आग लागली, आजोबा वर चढून बघत होते, तर ह्याने बाही ओढून अंधारात नेलं, म्हणाला गडबडीच्या वेळी राजाने उजेडात दिसू नये. आजोबा खूश. पण पट्टराणी जिया नानफेंगला स्वतःचा मुलगा नव्हता. २९९ च्या शेवटी तिने ह्या सावत्र पोराला दारू पाजून झिंगवलं आणि त्याच्या हातून राजद्रोहाचा मजकूर नकलून घेतला, मजकूर रचणारा म्हणे देखणेपणासाठी प्रसिद्ध कवी पान युए. युवराजपद गेलं, ३०० मध्ये औषध कुटायच्या बत्त्याने मारला. तेवढं निमित्त साधून सिमा लुनने राणीला संपवलं, आणि आठ राजपुत्र एकमेकांच्या उरावर बसले ते ३०६ पर्यंत. ३११ ला लुओयांग पडलं, ३१६ ला घराणं आटोपलं. तिथे नुसतं आजोळ नव्हतं, काकेच जास्त होते. तेव्हा @बखरबहाद्दर, आईला मारून भागत नाही, काकांचं काय करणार?

बखरबहाद्दर

:) काकांवर उपाय कुठल्याच घराण्याला सापडला नाही, आपल्याकडेही नाही.

टमटमवाला

पाच वर्षांच्या पोराने आजोबाला सिक्युरिटी शिकवली. माझा पाचवीतला भाचा अजून बूट उलटे घालतो.

खारेदाणे

उत्तररात्र ताई, मग ती रीत बंद कधी झाली?

उत्तररात्र

तीच तर खरी गोष्ट आहे.

श्याओवेननंतर श्वेनवू. आतापर्यंत जनानखान्यात धास्ती अशी बसली होती की राण्या नवस करायच्या, मुलगी होऊ दे, झालाच तर धाकटा राजपुत्र होऊ दे, पण युवराज नको. एकटी हू नावाची बाई म्हणायची की माझ्या एकटीच्या जिवाला घाबरून घराण्याला वारस नको म्हणायचं का? दिवस गेले तेव्हा बाकीच्यांनी सांगितलं की काहीतरी करून मोकळी हो, तिने ऐकलं नाही. ५१० मध्ये मुलगा झाला. श्वेनवूची आधीची मुलं वाचली नव्हती, त्यामुळे ह्या पोराला वेगळ्या महालात दायांकडे ठेवलं, पट्टराणीला नाही आणि हू लाही भेटू द्यायचं नाही. ५१२ मध्ये तो युवराज झाला आणि शंभर वर्षांत पहिल्यांदा आई जिवंत राहिली.

५१५ ला नवरा गेला, पोर पाच वर्षांचं, हू राजमाता. लुओयांगमध्ये योंगनिंग विहाराचा नऊ मजली लाकडी मनोरा तिने उभारला, आपल्याकडून गेलेला बोधिरुची हा भिक्षू त्याच विहारात बसून भाषांतरं करायचा. एकीकडे हे आणि दुसरीकडे उत्तर सीमेवरच्या शिबंदीला कोणी विचारत नाही, ५२३-२४ पासून तिथे बंड पेटलं. मध्ये ५२० ते ५२५ हू ला तिच्याच मेव्हण्याने कोंडून ठेवलेलं, सुटून आली ती जास्तच संशयी होऊन. मुलगा श्याओमिंग मोठा होत होता, त्याला आईचे खास लोक नकोसे झाले, त्याने बाहेरच्या सेनापतीला, अर्चू रोंगला, फौज घेऊन ये म्हणून गुपचूप कळवलं. ५२८ मध्ये तो १८ वर्षांचा पोरगा अचानक मेला. विष. (हो @शंकेखोर, म्हणतात.)

आता ऐका. मेलेल्या सम्राटाला नुकतंच पन्नासेक दिवसांचं एक मूल होतं, मुलगी. हू ने आधीच मुलगा झाला म्हणून दवंडी पिटलेली. त्या तान्ह्या मुलीला गादीवर बसवलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की ही मुलगी आहे, आणि दुसरा एक तीन वर्षांचा राजपुत्र आणून बसवला. अर्चू रोंगने कारण आयतंच मिळालं म्हणून लुओयांग गाठलं, हू आणि ते तीन वर्षांचं पोर दोघांना पिवळ्या नदीत बुडवलं, आणि लुओयांगजवळच्या हयीनला दीड-दोन हजार दरबारी एका दिवसात कापले.

बखरबहाद्दर

म्हणजे पहिलीच आई जिवंत ठेवली आणि राज्य बुडालं. माझा हिशोब बरोबर निघाला की.

उत्तररात्र

हेच म्हणणार माहीत होतं :) पण अहो, सीमेवरची बंडं, उपाशी शिबंदी, दरबारातली लाचखोरी ह्यातलं काय तिला मारून टळणार होतं? आणि ह्या बाईला सत्ता म्हणजे काय हे कुठल्या घरात शिकायला मिळालं? शंभर वर्षं जिथे आई झालं की मरायचं, त्या जनानखान्यात. तिने स्वतःच्या पोरातही धोकाच बघितला, तुओबा गुईने बघितला तसाच.

चिमणीचं_घर

+१११

बखरबहाद्दर

पन्नास टक्के मान्य. बाकीचे पन्नास राखून ठेवतो.

नंदीवर्धनकर

अर्चू रोंग स्वतः का नाही बसला गादीवर?

उत्तररात्र

बसायचं होतं की! त्यांच्यात जुनी प्रथा, धातूची मूर्ती ओतायची, नीट उतरली तर दैव तुमच्या बाजूने. पट्टराणी व्हायलासुद्धा हीच परीक्षा. मेलेल्या लिउ बाई, आठवतात ना, पहिल्या, त्यांची मूर्ती जमली नाही म्हणून त्या कधी पट्टराणी झाल्याच नाहीत. अर्चू रोंगने आपली मूर्ती चार वेळा ओतली, चारही वेळा बिघडली. मग आधी स्वतःच सम्राट म्हणून नेमलेल्या युआन झियोउ ह्या राजपुत्रालाच गादीवर ठेवलं आणि आपली मुलगी त्याला पट्टराणी म्हणून दिली.

टमटमवाला

आणि मग तो सासऱ्याच्या मुठीत आयुष्यभर सुखाने नांदला. बरोबर?

उत्तररात्र

दोन वर्षं. ५३० मध्ये राणी गरोदर होती, नववा महिना. झियोउने सासऱ्याला निरोप पाठवला की मुलगा झाला, वारस झाला, या. तो आनंदाने आला, नातू बघायला. झियोउचा चेहरा पांढरा पडलेला, कोणीतरी ते सांगितल्यावर त्याने घटाघट दारू ढोसली. गुडघ्याखाली सुरा लपवलेला होता. सासरा आत येऊन बसला, दारातून तलवारी घेऊन माणसं शिरताना बघून तो सम्राटाच्याच अंगावर धावला, आणि जावयाने स्वतःच्या हाताने त्याला भोसकलं.

खारेदाणे

आणि बाळ? बाळ झालं का मग खरंच?

उत्तररात्र

झालं. मुलगाच झाला. वर्ष संपायच्या आत अर्चू रोंगचा पुतण्या अर्चू चाओ लुओयांगमध्ये घुसला, झियोउला कैद करून नेलं आणि पुढे गळा आवळून मारलं. बाळाला त्याआधीच. अर्चू चाओच्याच चुलतबहिणीचं बाळ होतं ते.